आई पोळी उलटायला घेते ते

तळमजल्यावरच्या खोली क्रमांक एकशे सातमध्ये सोमवारी सकाळी दहा वाजता एकूण अडतीस यंत्रं होती. त्यांतली बत्तीस चालू होती आणि सहा बंद. शिवाय दोन एसी, चाळीस बॅटऱ्या, तीन खुर्च्या, त्यांतल्या बसण्याजोग्या दोन, २०१७ साली मुदत संपलेलं आग विझवायचं एक नळकांडं आणि उल्हास परचुरे. परचुऱ्यांची मुदत बुधवारी संध्याकाळी संपत होती.

तशी ती आधीही दोनदा संपली होती. दिल्लीतल्या या सरकारी प्रयोगशाळेत कॉम्प्युटर विभाग सांभाळून परचुरे एक वर्षापूर्वी रीतसर निवृत्त झाले. छत्तीस वर्षं झाली होती. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी डायरेक्टर माथुर मॅडमच्या लक्षात आलं की नव्या इमारतीचं नेटवर्क फक्त परचुऱ्यांनाच कळतं. सहा महिने कन्सल्टंट. मग पुन्हा समारंभ, पुन्हा शाल, आणि या वेळी ईमेलचा घोळ. पुन्हा सहा महिने. दोन्ही शाली तपकिरी होत्या. दोन्ही वेळा पत्नी अलकनंदा हिनं बांधलेलं सामान सोडलं होतं आणि वर्ध्याची तिकिटं रद्द केली होती. वर्ध्यापासून पुढं आर्वीला तिचं माहेर. भावाची संत्र्याची बाग आहे. लग्नाला तेहेतीस वर्षं होत आली, पण तिथं सलग दहा दिवसांहून जास्त राहणं तिला कधी जमलं नव्हतं. आता तिकिटं गुरुवारची होती. ती रद्द होऊ नयेत, एवढीच परचुऱ्यांची आयुष्याकडून मागणी उरली होती.

"सर, सैंतीस हो गए," नवीन अहलावत म्हणाला. हा रोहतकचा, वय चौतीस, परचुऱ्यांच्या खुर्चीवर येणारा माणूस. हातात हस्तांतरणाची यादी होती. यंत्राचं नाव, क्रमांक, पासवर्ड मिळाला की खूण. अडतीसावी चौकट रिकामी होती. "बस बाऊजी रह गए."

बाऊजी म्हणजे कोपऱ्यातलं कपाटाएवढं जुनं यंत्र. प्रयोगशाळेत एक खोली आहे, जिथं मोजमापाची प्रमाण साधनं ठेवलेली असतात. त्या खोलीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता दर तासाला टिपून ठेवायचं, हे बाऊजींचं १९९९ पासूनचं काम. त्यात शिरायची वेळ बरीच वर्षं कुणावर आली नव्हती, त्यामुळे पासवर्डही कुणाच्या लक्षात नव्हता. परचुऱ्यांच्याही नाही.

"बंद करून दुसऱ्या मार्गानं शिरता येईल," असं अहलावतनं हिंदीत सुचवून पाहिलं.

"दो हजार चार में बंद किया था," परचुरे म्हणाले. "चालू होने में ग्यारह दिन लगे. तब कंपनी जिंदा थी."

"तो फिर?"

"लिफाफे में है."

नियमच होता तसा. महत्त्वाचे पासवर्ड लाखेनं बंद केलेल्या लिफाफ्यात डायरेक्टरच्या तिजोरीत. माथुर मॅडमनी लिफाफा काढला, फोडला, आतला कागद उलटसुलट करून बघितला आणि परचुऱ्यांकडे दिला.

"ये तो मराठी है."

कागदावर परचुऱ्यांच्याच पंचवीस वर्षांपूर्वीच्या अक्षरात एक ओळ होती: 'आई पोळी उलटायला घेते ते.'

परचुऱ्यांना सगळं आठवलं. म्हणजे पासवर्ड सोडून सगळं. त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबानं शेरा मारला होता की पासवर्ड डिक्शनरीत सापडणारा नसावा, आणि कुठंही सरळ लिहून ठेवू नये. परचुऱ्यांनी मराठी शब्द घेतला आणि लिफाफ्यात शब्दाऐवजी खूण ठेवली. त्या दिवशी घरी जाताना ते स्वतःवर खूष होते, हेही त्यांना आठवलं.

"मतलब क्या है इसका?" मॅडमनी विचारलं.

"रोटी पलटने की चीज."

"पलटा," अहलावत म्हणाला.

"वो हिंदी में. मराठी में..." परचुऱ्यांनी हवेत पोळी उलटून पाहिली. "उलथनं," ते शेवटी म्हणाले. "उलथनं म्हणतात."

आता अडचण अशी की उलथनं इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं याला नियम नाही. आणखी अडचण अशी की दिवसात पाच चुका झाल्या की बाऊजी मध्यरात्रीपर्यंत दार बंद करत. ही तरतूदही परचुऱ्यांनीच केली होती, त्याच साहेबाच्या दुसऱ्या शेऱ्यावरून. अहलावतनं फळ्यावर लिहिलं: तीन दिवस, गुणिले पाच, बरोबर पंधरा.

शब्दाच्या शेवटी अ लावून, ए लावून, मधला अ गाळून, टी-एच ऐवजी नुसता टी घालून आणि एकदा चुकून बोट घसरून परचुऱ्यांनी पाच प्रकारे उलथनं लिहिलं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी बाऊजींनी दार लावलं. फळ्यावर दहा उरले.

"परचुरे जी, टेन्शन मत लीजिए," मॅडम जाता जाता म्हणाल्या. "नहीं मिला तो छह महीने और रुक जाइए. आराम से याद कीजिए."

मॅडम मनानं चांगल्या होत्या. तेच अवघड होतं.

दुपारी त्यांनी सांगलीला थोरल्या बहिणीला फोन लावला. हा प्रकार पासवर्डचा आहे हे कुणाला सांगणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली.

"कुमुदताई, आपली आई पोळी उलटायला काय घ्यायची गं?"

"घ्यायची म्हणजे?"

"म्हणजे वस्तू. तिला काय म्हणायची?"

"अरे, आई हातानं उलटायची. बोटांनी. भाजलं की पदराला पुसायची."

"उलथनं नव्हतं आपल्याकडं?"

"होतं. तू त्यानं अंगणात खड्डे खणायचास. मोडलं ते. का रे, बरा आहेस ना? झोप लागते का?"

"लागेल गुरुवारपासून," परचुरे म्हणाले.

संध्याकाळी मयूर विहारच्या घरी पोचले, तर हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि अलकनंदा स्वेटर मोजत होती. परचुरे थेट स्वयंपाकघरात गेले आणि ती वस्तू हातात घेऊन बाहेर आले.

"अलका, आपण याला काय म्हणतो?"

"पलटा," ती मान वर न करता म्हणाली. "जागेवर ठेवा. भाजी व्हायचीय."

"मराठीत?"

"अहो, आपण पलटाच म्हणतो. आपली लतिकाही पलटाच म्हणते. मंडळाचं काही कोडं आहे का? आर्वीला थंडी असेल का हो, दोन स्वेटर पुरे?"

मंडळाचं कोडं, ही कल्पना परचुऱ्यांना बरी वाटली. रात्री जेवायच्या आधी त्यांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: 'शब्दसंग्रहासाठी माहिती हवी. पोळी उलटण्याच्या साधनास आपल्या घरी काय म्हणत?' ग्रुपमध्ये दोनशे बारा माणसं होती.

मंगळवारी सकाळपर्यंत एकशे चौसष्ट उत्तरं आली. परचुऱ्यांनी मेट्रोत उभ्या उभ्या ती मोजली. उलथनं एकेचाळीस, कालथा अडतीस, उचटणं नऊ, झारा सहा. झाऱ्यानं पोळी उलटत नाहीत, हे सांगणारी आणि ते सांगणाऱ्यांना सुनावणारी बावन्न. बाकीच्यांनी गुलाबाची फुलं पाठवून सुप्रभात म्हटलं होतं. नागपूर-वर्ध्याकडची मंडळी मात्र या ग्रुपमध्ये नव्हती. गणपतीच्या महाप्रसादात वडाभात का नाही, या मुद्द्यावरून ती आठ वर्षांपूर्वी वेगळा ग्रुप काढून निघून गेली होती. म्हणजे नमुना एकांगी होता. छत्तीस वर्षं शास्त्रज्ञांमध्ये काढूनही हे परचुऱ्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांनी कालथा तीन प्रकारे लिहून पाहिला आणि उचटणं दोन प्रकारे. दहा पंचवीसला बाऊजींनी दार लावलं.

"पाँच बचे, सर," अहलावत म्हणाला. त्याचा आवाज दुःखी होता, पण तो परचुऱ्यांच्या केबिनच्या खिडकीचं माप घेऊन आला होता. पडद्यासाठी.

बारा वाजता गेटवरून फोन आला.

"परचून साहब, आपके मिलने वाले आए हैं." गेटवरच्या हवालदाराला परचुरे हे नाव कधीच नीट घेता आलं नाही, आणि परचूनच्या, म्हणजे किराणा मालाच्या, दुकानाची त्याला सवय होती. "थैले में हथियार है. तीन नग."

गेटवर मंडळाचे सेक्रेटरी श्यामकांत बसलेले होते. वय एकाहत्तर, मूळ गाव राजापूरजवळ, मफलर कानाभोवती घट्ट. त्यांच्यासमोर टेबलावर लोखंडाच्या तीन वस्तू मांडल्या होत्या आणि दोन हवालदार त्यांच्याकडे बघत होते.

"परचुरे, ग्रुपवर वाद घालून काही होत नाही," श्यामकांत म्हणाले. "म्हटलं, प्रत्यक्षच दाखवावं. हा कालथा. हे उलथनं. आणि हा आमच्या हिचा. याला टोक आहे बघा."

"टोक है," हवालदार म्हणाला आणि त्यानं लिहून घेतलं.

"तुम्ही फोन करायचा ना."

"केला. तुम्ही उचलला नाही. अहो, मी यांना सांगतोय की ये रोटी का है, तर हे विचारतात रोटी किधर है."

रजिस्टरात नोंद झाली: धारदार लोहे की वस्तु, तीन. बुजुर्ग, एक. नोंद झाली की वर कळवावं लागतं, आणि वर म्हणजे माथुर मॅडम. त्या नेमक्या त्याच वेळी मंत्रालयातून आलेल्या पाहुण्यांना सुरक्षाव्यवस्था दाखवत होत्या. पाहुण्यांना ती चांगलीच दिसली.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी परचुऱ्यांना बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी परचुऱ्यांना पाणी दिलं.

"परचुरे जी, आप थक गए हैं. ऐसे में जाना ठीक नहीं. मैं लेटर बनवा रही हूँ, छह महीने का. घर बैठकर करेंगे क्या?"

"संतरे खाऊँगा, मॅडम."

"वो तो यहाँ भी मिलते हैं," मॅडम म्हणाल्या.

श्यामकांतांना कालथा आणि उलथनं परत मिळालं. टोक असलेला ठेवून घेतला गेला. "हिला काय सांगू?" असं त्यांनी जाताना विचारलं.

बुधवारी सकाळी धुकं इतकं होतं की मेट्रोच्या खिडकीतून यमुना दिसली नाही. परचुऱ्यांनी ती शोधलीही नाही. ते मोबाइलकडे बघत होते. ग्रुपमधल्या प्रभाताईंचा निरोप होता. पहाडगंजच्या मराठी शाळेत प्रभाताईंनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं होतं, आणि निवृत्त होऊनही त्या चुका काढायच्या थांबल्या नव्हत्या.

'सांगोवांगी उत्तर देत नाही. मूळ मजकूर असेल तर त्याचा फोटो पाठवा.'

परचुऱ्यांनी नियमाचा विचार केला. मग गुरुवारच्या गाडीचा केला. कागदाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. नुसत्या त्या कागदावरून कुणी बाऊजींमध्ये शिरू शकेल, तर तो आधी त्यांनाच भेटायला हवा होता.

दुपारी साडेतीनला खोली क्रमांक एकशे सातमध्ये परचुरे, अहलावत आणि माथुर मॅडम उभे होते. मॅडमच्या हातात दोन कागद होते. एक कार्यमुक्तीचा आदेश, एक कन्सल्टंटचं पत्र. सही दोहोंवर नव्हती. परचुऱ्यांचा फोन वाजला.

"परचुरे, तुम्ही ग्रुपवर 'घरी काय म्हणत' असं विचारलंत," प्रभाताई म्हणाल्या. "कागदावर 'घेते' आहे."

"हो. मग?"

"घेते. घ्यायची नव्हे. काळ कोणता?"

परचुरे सरळ उभे राहिले. "वर्तमान."

"कोणत्या सालचा कागद?"

"नव्व्याण्णव."

"तेव्हा तुमच्या आई होत्या?"

"नाही. चौऱ्याण्णवला गेली."

"मग गेलेल्या बाईबद्दल तुम्ही घेते असं लिहिणार नाही. तुमचं मराठी इतकंही वाईट नाही. ही आई दुसरी कुणीतरी आहे. घरात तेव्हा लहान मूल होतं का?"

"लतिका. तीन वर्षांची."

"तिच्यादेखत तुम्ही बायकोला काय हाक मारत होतात?"

परचुऱ्यांनी फोन खाली घेतला. ए आई, चहा टाक गं. ए आई, माझा चष्मा कुठाय. सात-आठ वर्षं त्या घरात अलकनंदा नावाचं कुणी नव्हतंच. मूल मोठं झालं आणि हाक पुन्हा बदलली.

"क्या हुआ?" मॅडमनी विचारलं.

"ग्रामर," परचुरे म्हणाले आणि घरी फोन लावला. धुक्यामुळे की इमारतीमुळे, आवाज तुटत होता. त्यांनी स्पीकर चालू केला.

"अलका, सोमवारी मी विचारलं होतं बघ, पलट्याचं."

"अहो, ते कोडं राहू द्या. बॅगेची चेन अडकलीय. कधी येताय?"

"तू पूर्वी त्याला काय म्हणायचीस? लग्नानंतर. सुरुवातीला."

पलीकडे बॅग जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"कशाला?"

"सांग ना. काम आहे."

"परत हसायचंय का?"

"कोण हसलं?"

"कोण नाही हसलं. सांगलीला पहिल्यांदा स्वयंपाकाला उभी राहिले आणि विचारलं, सराटा कुठं आहे. तर तुम्ही म्हणालात, पायात गेला का? तुमच्याकडं सराटा म्हणजे काटा. सासूबाई हसल्या, कुमुदवन्सं हसल्या. शेजारच्या बाईला बोलावून सांगितलं. मग दिल्लीतही किती वर्षं माझा सराटा सराटा चालू होता, तुम्ही पण सवयीनं सराटाच म्हणायला लागला होतात. पुढं मीच सोडलं. इथं सगळे पलटा म्हणतात. पलट्याला कुणी हसत नाही."

"सोमवारी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, आपण काय म्हणतो. आपण पलटा म्हणतो. मी काय म्हणायचे, ते आज विचारताय."

माथुर मॅडमना मराठी येत नव्हतं, पण त्या जमिनीकडे बघत होत्या. अहलावतनं तोवर टाइप करून टाकलं होतं. एस, ए, आर, ए, टी, ए. चूक. त्यानं मधला ए दोनदा घातला. चूक.

"भाभीजी," तो फोनकडे वाकून म्हणाला, "शब्द में त है या ट?"

"ट. टमाटर का ट. कौन बोल रहा है?"

"आपका अहलावत. नमस्ते. सर, ट है तो कॅपिटल होगा. त का छोटा, ट का बड़ा. आप पुराने लोग ऐसे ही लिखते थे. और आ के लिए डबल ए, शेवटीसुद्धा." उत्साहात त्याच्या हिंदीत एक मराठी शब्द येऊन गेला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठ अक्षरं झाली. परचुऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा बाऊजींच्या पडद्यावर एक हिरवी ओळ लुकलुकत होती. फळ्यावर दोन प्रयत्न शिल्लक होते.

अहलावतनं अडतीसाव्या चौकटीत खूण केली आणि खाली सही ठोकली. मॅडमनी कन्सल्टंटच्या पत्राची घडी घातली, थोडा वेळ हातात धरली आणि दुसऱ्या कागदावर सही केली. तीन वाजून छप्पन्न मिनिटं झाली होती.

"शॉल इस बार नहीं है," त्या म्हणाल्या. "बजट में दो ही थीं."

"बहुत हैं, मॅडम."

फोन अजून चालूच होता. "अहो, झालं का?" अलकनंदा विचारत होती.

"झालं. येतो. चेन मी लावतो. आणि आर्वीला सराटाच म्हणायचं. मीसुद्धा."

"तिथं दुसरं काही म्हणालात तर ते हसतील," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मॅडम गेल्या. परचुऱ्यांनी डबा पिशवीत टाकला, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि ते दारापर्यंत पोचले.

"सर, एक मिनट."

छत्तीस वर्षं या तीन शब्दांनी त्यांना दारातून मागं वळवलं होतं. ते वळले. अहलावत पडद्याला नाक लावून बसला होता.

"सर, फाइल में आखिरी तारीख देखिए."

परचुऱ्यांनी चष्मा पुसून बघितलं. मग दोघांनी मिळून बाऊजींना भिंतीपासून दीड वीत पुढं ओढलं. प्रमाण साधनांच्या खोलीकडं जाणारी करडी वायर मागून निघून भिंतीपर्यंत गेली होती. भिंतीपाशी ती नीट कापलेली होती आणि कापलेल्या टोकावरून भिंतीचा पांढरा रंग एकसारखा फिरला होता. इमारतीचं रंगकाम फाइलमधल्या त्या तारखेच्याच वर्षी झालं होतं.

"मतलब बारह साल, दस महीने से इसमें कुछ आया ही नहीं," अहलावत म्हणाला. "सर, मैडम को क्या बोलूँ?"

परचुऱ्यांनी यादीवरची त्याची सही पाहिली. शाई वाळली होती.

"देख लीजिए, अहलावत जी," ते म्हणाले. "मशीन अब आपके नाम पर है."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि दार ओढून घेतलं. अहलावत बसण्याजोग्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसला, कोरा कागद घेतला आणि अहवालासाठी आकडे उतरवू लागला. एकूण नोंदी एक लाख दोन हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी. शेवटची नोंद १४ मार्च २०११, सकाळी अकरा. तापमान २०.१ अंश सेल्सिअस. आर्द्रता ४८ टक्के.